मागच्या चाकाचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तख्तें, तहनामे आणि लढाया उभ्या राहतात. यंत्रांचा इतिहास म्हटला तर आगगाडी, छापखाना आणि विमान. बायसिकलीस ह्या पंगतींत सहसा पाट मिळत नाहीं. वास्तविक शिक्षक, टपालवाले, दूधवाले, गिरणीचे कामगार आणि परगांवच्या शाळेंत जाणारीं मुलें ह्यांच्या पायांची शक्ति जर कोणत्या एका यंत्रानें वाढविली असेल, तर ती ह्या गरीब दुचाकीनेंच होय. तिला दाणावैरण लागत नाहीं, कोळसा लागत नाहीं, पेट्रोल लागत नाहीं. लागतात ते चार थेंब वंगणाचे, आणि वर्षाकांठीं एकदां एखाद्या जाणत्या माणसाचा हात.

आज आम्ही ह्या यंत्राच्या एका लहानशा अवयवाचा इतिहास वाचकांपुढें मांडणार आहों. तो अवयव म्हणजे मागच्या चाकाचा गाभा, ज्यास हब म्हणतात तो, आणि त्यावर बसविलेलें फ्रीव्हील. विषय कित्येकांस क्षुद्र वाटेल. परंतु ज्यानें भर रस्त्यांत पायडलावर जोर दिला असतां पाय रिकामाच पुढें गेलेला अनुभवला आहे, त्यास तो क्षुद्र वाटणार नाहीं. मनुष्य श्रम करतो आणि ते श्रम चाकापर्यंत पोंचत नाहींत, असा हा दोष आहे. तो कां उत्पन्न होतो हें समजून घ्यावयाचें तर श्रम चाकापर्यंत पोंचविण्याची युक्ति माणसाला कशी व केव्हां सुचली, तेथपासून आरंभ केला पाहिजे.

१८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन द्राइस ह्यानें जी दुचाकी रस्त्यावर आणली तिला पायडलच नव्हतें. स्वार जमिनीस पाय लावून तिला ढकलीत असे. पुढें १८६० च्या दशकांत पॅरिस येथें पुढच्या चाकाच्या आंसासच पायडलें बसविण्याची कल्पना रूढ झाली. ह्या रचनेंत घसरण्याचा प्रश्नच नव्हता. कारण पाय आणि चाक ह्यांमध्यें कांहीं नव्हतेंच. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग वाढवावयाचा तर चाकच मोठें केलें पाहिजे, आणि ह्या एका कारणास्तव पुढील चाक पुरुषभर उंच होत गेलें. त्या उंच आसनावरून डोक्यावर आपटणें ही त्या काळच्या स्वारांची नित्याची गोष्ट होती.

ह्या संकटांतून सुटका केली ती साखळीनें. १८७९ सालीं इंग्लंडांत लॉसन ह्यानें साखळीच्या योगें मागचें चाक फिरविणारी दुचाकी सिद्ध केली. १८८० सालीं हान्स रेनोल्ड ह्यानें रुळांची टिकाऊ साखळी निर्माण केली. आणि १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली ह्याची ‘रोव्हर’ ही दुचाकी पुढें आली. दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं, आसन मध्यें, पायडलें खालीं आणि साखळी मागें, ही जी घडण आज खेड्यांतलें मूलही ओळखतें, ती त्या वर्षींची. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप ह्यानें हवेची धांव शोधून तिला मऊपणा दिला. साखळीवरील दोन चक्रांच्या दांत्यांच्या प्रमाणानेंच आतां वेग ठरूं लागल्यामुळें उंच चाकाची गरज उरली नाहीं. जोर देण्याचें काम मागच्या चाकाकडे आलें आणि वळण्याचें पुढच्याकडे राहिलें.

तथापि एक अडचण शिल्लक होती. मागच्या चाकावरील दांतेरी चक्र चाकाशीं पक्कें जखडलेलें असे. म्हणून चाक फिरेल तोंवर पायडलेंही फिरलींच पाहिजेत. उतारावर पायडलें इतक्या वेगानें गरगरत कीं स्वारास पाय त्यांवरून उचलून पुढच्या चिमट्यावर केलेल्या आधारावर ठेवावे लागत. पाय स्थिर ठेवून चाकानें मात्र धांवावें, अशी युक्ति हवी होती. आश्चर्य हें कीं ती सुचलेली होती. अमेरिकेंतील व्हॅन अँडन नांवाच्या गृहस्थानें १८६९ सालींच चाकाच्या गाभ्यांत एकाच दिशेस अडणाऱ्या दांत्यांची योजना करून तिचें पेटंट घेतलें होतें. पण साखळीची आणि हवेच्या धांवेची बायसिकल जन्मास येईपर्यंत त्या युक्तीस घर मिळालें नाहीं. १८९८ च्या पुढें दोनतीन वर्षांत मात्र ती सर्वत्र पसरली. १९०३ सालीं जर्मनींत एर्न्स्ट साक्स ह्याच्या कारखान्यांतून, पायडल उलटें दाबतांच थांबणारें ‘टॉर्पेडो’ हब निघालें, आणि त्याच सुमारास इंग्लंडांत स्टर्मी-आर्चर ह्यांचें तीन वेगांचें हब बाजारांत आलें. जपानांतील साकाई ह्या शस्त्रकारागिरांच्या गांवीं १९२१ सालीं शिमानो ह्यांनीं जो कारखाना काढला त्याची पहिली वस्तु म्हणजे फ्रीव्हीलच. आज जगभर ज्यांचें नांव आहे त्या कारखान्याचा पाया तळहाताएवढ्या चक्रावर उभा आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

हें फ्रीव्हील आंतून कसें असतें तें आतां पाहूं. त्याचे मुख्य भाग दोन. आंतील कडें हबावर आट्यांनीं घट्ट बसविलेलें असतें. बाहेरील कड्यास बाहेरच्या अंगानें साखळीचे दांते असतात व आंतल्या अंगानें तिरपे, करवतीसारखे. आंतील कड्यांत बहुधा दोन लहान पोलादी जिभा असून प्रत्येकीखालीं केंसासारखी बारीक स्प्रिंग तिला वर उचलून धरते. हिंदुस्थानी बोलणारे मिस्त्री ह्या जिभांस ‘कुत्ते’ म्हणतात. आणि दांत लागला कीं सोडावयाचें नाहीं, हा गुण पाहतां तें नांव सार्थच म्हणावें लागेल. पायडल पुढें दाबलें कीं बाहेरील कड्याचे तिरपे दांते ह्या जिभांवर अडतात आणि चाक फिरतें. पाय थांबविले कीं चाक व आंतील कडें पुढें जातें, जिभा दांत्यांवरून घसरतात, आणि उतारावरून जातांना जो गोड टिक्‌टिक् आवाज ऐकूं येतो तो त्यांचाच. दोन कड्यांमध्यें बारीक छऱ्यांच्या दोन रांगा असतात, आणि सर्वांवर एक झांकण.

स्वाराच्या पायांचा सर्व जोर अशा दोन जिभांवर पडतो, आणि त्यांस उचलून धरतात त्या दोन केंसांएवढ्या स्प्रिंगा. ह्या जिभांच्या खांचेंत घाण सांचली किंवा वंगण वाळून खळीसारखें झालें कीं जीभ दबलेली राहते, वर उठत नाहीं. आणि मग पाय फुकट जातो.

आतां आम्ही वाचकांस विदर्भांतील पांढरकवड्यास नेतों. यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्याचें हें मुख्य गांव नागपूर-हैदराबाद ह्या जुन्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. इंग्रजी अमदानींत १९०५ पर्यंत ह्या जिल्ह्याचें नांव वणी असें होतें. मुलुख कापसाचा आणि जमीन काळी. ही काळी माती कापसास माय आहे. बायसिकलीस मात्र ती सावत्र आई होय. पाऊस पडला म्हणजे ती फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि चाकास, साखळीस, चिखलपट्टीस असे लपेटे घेते कीं सायकलीवर बसण्याऐवजीं सायकलच खांद्यावर घेण्याची पाळी येते. उघाडी पडली कीं तीच माती विटेसारखी कडक होते, आणि उन्हाळ्यांत तिचीच पिठासारखी धूळ उडते. हमरस्त्यावर डांबर आहे हें खरें. परंतु सायकल जाते ती शेताच्या पांदणीनें, आणि पांदण ही आषाढांत पांदणच असते. ओल्या चिखलाचें पाणी झांकणाच्या फटींतून आंत झिरपतें, वंगण धुवून काढतें आणि मागें मातीचा गाळ ठेवून जातें. पावसाळ्यांत केलेल्या हयगयीचें बिल बहुधा दिवाळीच्या सुमारास येतें, तें असें.

मात्र पाय घसरला कीं फ्रीव्हीलच बिघडलें, असें धरून चालणें म्हणजे डोकें दुखणाऱ्या प्रत्येकास एकच काढा देण्यासारखें आहे. पाय रिकामा जाण्याचीं कारणें निदान पांच आहेत आणि प्रत्येकाचें लक्षण निराळें आहे. सायकल उलटी करून आसन व दांडा ह्यांवर उभी करावी. चाकाच्या हबावर, फ्रीव्हीलच्या आंतील कड्यावर आणि बाहेरील कड्यावर खडूनें एका रेषेंत खुणा कराव्या. नंतर एका हातानें चाक घट्ट धरून दुसऱ्या हातानें पायडल पुढें दाबावें आणि कोणती खूण जाग्यावर राहते व कोणती सरकते तें पाहावें.

बाहेरील कडें सरकलें आणि आंतील स्थिर राहिलें, तर दोष जिभांचा. चाक फिरवितांना नेहमींचा टिक्‌टिक् आवाज मंदावला असेल वा मधूनच बंद पडत असेल तर ह्या निदानास पुष्टि मिळते. दोन्ही कडीं सरकलीं आणि हब मात्र स्थिर राहिलें, तर हबाचे आटे खाल्ले गेले असें समजावें. तिन्ही खुणा जाग्यावर राहून साखळीच दांत्यांवर चढून खटकन् उडी मारीत असेल, तर साखळी व दांते झिजले आहेत. साखळीचा सांधा अर्ध्या इंचाचा असतो. म्हणजे २४ सांधे मिळून बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. ते सव्वाशेर झाले, म्हणजे अष्टमांश इंचानें वाढले, तर साखळीबरोबर फ्रीव्हीलचे दांतेही वांकडे झालेले असतात. अशा जुन्या दांत्यांवर नवी साखळी घातल्यास घसरणें थांबत नाहीं, उलट वाढतें. आणि मालक दुकानदारास दोष देत बसतो. पायडलाच्या प्रत्येक फेऱ्यांत एकदां वा दोनदां, ठराविक जागींच झटका बसत असेल, तर दोष मागें नसून पुढें, पायडलाच्या दांड्याची पाचर सैल झाली आहे. आणि चाकच तिरपें होऊन चौकटीच्या डाव्या बाजूस घासत असेल, तर आंसाच्या चाक्या सैल झाल्या असून साखळीच्या ओढीनें आंसाचें उजवें टोंक पुढें सरकलें आहे. शेवटच्या दोषावर पाना फिरविण्यापलीकडे औषध नाहीं. तीन वेगांच्या स्टर्मी-आर्चर हबांत आणखी एक कारण संभवतें. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेगाच्या मध्यें एक जागा अशी आहे कीं तेथें पाय मोकळाच फिरतो. तार नीट ताणलेली नसली कीं हब त्या जागीं जाऊन बसतें. तेथें हब खोलणें हा वेडेपणा होय. तार ताणली कीं काम झालें.

जिभांचा दोष ठरल्यावर उपाय कठीण नाहीं, पण त्यांत धांदल चालत नाहीं. फ्रीव्हीलच्या झांकणास दोन भोंकें असतात. ह्या झांकणाचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. नेहमींच्या संवयीनें डावीकडे हाणणारा नवशिका तें सुटें करण्याऐवजीं अधिकच घट्ट करतो. खालीं कापड किंवा परात ठेवून मगच झांकण काढावें. कारण छरे सांडले तर ते शोधण्यांत अर्धा दिवस जातो. जिभा, स्प्रिंगा आणि छरे रॉकेलमध्यें धुवून कोरडे करावे. स्प्रिंग मोडली असेल तर नवी घालावी. जिभेची धार गोल झाली असेल तर जीभ बदलावी. आंतील दांतेच झिजले असतील तर मात्र अख्खें फ्रीव्हील बदलल्याखेरीज गत्यंतर नाहीं. येथें अतिप्रेम घातक ठरतें. जाड ग्रीज भरपूर भरलें म्हणजे यंत्र सुखी होतें अशी समजूत आहे. परंतु त्याच जाड ग्रीजांत बारीक स्प्रिंगेचा जीव गुदमरतो आणि जिभा पुन्हां दबून राहतात. छऱ्यांस थोडें ग्रीज आणि जिभांस पातळ तेल, एवढेंच पुरे.

हबाचे आटे गेले असल्यास काम मोठें आहे. फ्रीव्हील सरळ आट्यांवर बसतें आणि स्वार जितका जोर देईल तितकें तें आपोआप घट्ट होत जातें, ही रचना चतुर आहे खरी. परंतु आटे एकदां तुटले कीं तोच जोर त्यांस पार तासून काढतो. मग हबच बदलावें लागतें, आणि जुन्या धाटणीच्या मागच्या चाकांत ४० तारा असतात, त्या सर्व नव्यानें ओंवून चाक सरळ करावें लागतें. चिमट्यांत चाक फिरवीत, एक डोळा मिटून, एकेक तार पाव फेरा आवळणारा मिस्त्री ज्यानें पाहिला असेल तो ह्या कामास विद्या म्हणण्यास कचरणार नाहीं.

आणि ही विद्या आहे म्हणूनच महाराष्ट्राच्या इतिहासांत तिला स्थान आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचें रेखाटन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं त्या शहरांत बायसिकल पाहिली आणि बेळगांवीं आपले बंधु रामूअण्णा ह्यांजकडे ती धाडण्यास आरंभ केला. रामूअण्णा तेथें सायकली विकीत आणि फी घेऊन लोकांस त्या चालविण्यास शिकवीत. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून धरतात, तो ह्या दुकानामुळें. पुढें बढतीच्या प्रसंगीं डावलले गेल्यामुळें लक्ष्मणरावांनीं मुंबईची नोकरी सोडली आणि ते बेळगांवीं आले. सायकलीच्या दुकानांतून कडबा कापण्याचें यंत्र आणि त्यांतून लोखंडी नांगर निघाला. बेळगांवच्या नगरपालिकेच्या नव्या वस्तीसाठीं जागा सोडण्याची वेळ आली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ह्या हकीकतीस समुद्रापलीकडे एक जुळी बहीण आहे. अमेरिकेंत डेटन येथें राइट बंधूंनीं १८९२ सालीं सायकलीचें दुकान काढलें. १८९६ पासून ते स्वतः सायकली बनवूं लागले आणि त्यांत आपोआप तेल पुरविणारें, स्वतःच्या योजनेचें हब त्यांनीं बसविलें. १९०३ च्या १७ डिसेंबरला त्यांचें विमान उडालें. एका दुकानांतून विमान निघालें आणि दुसऱ्यांतून नांगर. दोन्ही देशांस जें हवें होतें तें मिळालें. सायकलीनें ह्या माणसांस काय शिकविलें असेल? आमच्या मतें हेंच, कीं दोष अंदाजानें दूर होत नाहीं, तो शोधावा लागतो. आणि हात काळे केल्यावांचून तो सांपडत नाहीं. ज्या समाजांत लिहिण्याची बोटें श्रेष्ठ आणि पाना धरणारीं कनिष्ठ मानलीं जात, त्या समाजांत शिक्षकाची नोकरी टाकून दुकान मांडणें हें १८९० च्या दशकांत लहानसहान धाडस नव्हतें.

ह्याच विद्येची दुसरी कसोटी १९२३ सालीं लागली. त्या वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं प्रदक्षिणा पुरी करून परत आले. वाळवंटांत दुकान नसतें. तेथें जो तो आपला मिस्त्री.

स्वातंत्र्यापूर्वीं आपल्याकडील बहुतेक चांगल्या सायकली इंग्लंडाहून येत. रॅले, हर्क्युलीस, बी. एस. ए. हीं नांवें घरोघर ठाऊक होतीं. त्यानंतर मद्रासेस टी. आय., सोनपतास अॅटलास आणि १९५६ सालीं लुधियान्यास हीरो असे कारखाने निघाले. हीरोचे मुंजाळ बंधु हेही आरंभीं सायकलीच्या सुट्या भागांचे व्यापारी होते, हें विशेष. सायकल स्वस्त झाली, गांवोगांव गेली, आणि तिच्यामागोमाग झाडाखालीं पंप, पाण्याची परात आणि पान्यांची पेटी घेऊन मिस्त्री बसला. तासाच्या भाड्यानें सायकली देणारीं दुकानें हीं तर कित्येकांचीं पहिलीं यंत्रशाळा होतीं. मोटारसायकलीनें हें चित्र पालटलें. भाड्याचीं दुकानें बहुतेक गेलीं. जुन्या मिस्त्रींचीं मुलें मोटारसायकलीच्या कामाकडे वळलीं, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं, कारण पोट त्याच बाजूस आहे. शहरांत तर फ्रीव्हील खोलून जीभ बदलण्याऐवजीं अख्खें फ्रीव्हील फेंकून नवें बसविण्याची चाल पडली आहे. नवें स्वस्त आणि वेळ महाग, असा तिचा हिशेब आहे.

परंतु हा हिशेब सर्वांस लागू नाहीं. शहरांत सायकल हौसेची झाली असली तरी खेड्यांत ती अजून गरजेची आहे, आणि विशेषतः मुलींच्या शिक्षणाची ती वाट आहे. मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींस सायकली दिल्या जातात, ही योजना आम्हांस मनापासून स्तुत्य वाटते. तथापि सायकल देणें हें अर्धेंच दान होय. काळ्या मातीच्या मुलुखांत एका पावसाळ्यानंतर तिच्या जिभा दबल्या, गांवांत मिस्त्री नसला आणि तालुक्याच्या गांवीं ती नेण्यास बापास एक दिवसाची मजुरी बुडवावी लागली, तर ती सायकल भिंतीस टेकून राहते. सायकल टेकली कीं शाळा लांब होते. आणि लांब झालेली शाळा मुलीपासून केव्हां सुटते हें घरांतही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दोन केंसांएवढ्या स्प्रिंगांवर एका मुलीचें शिक्षण टांगलेलें असावें, ही अतिशयोक्ति नव्हे. यंत्राच्या रचनेंतच तें लिहिलेलें आहे.

ह्यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं. प्रत्येक शाळेंत पान्यांची एक पेटी, रॉकेलचा एक डबा, तेलाची एक बुधली, सुट्या जिभा व स्प्रिंगांची एक पुडी असावी; आणि पावसाळा संपतांच एक दिवस सर्व सायकली उलट्या करून तपासाव्या. हें काम मुलींनींच करावें आणि गांवांत जो जुना मिस्त्री असेल त्यास त्या दिवशीं मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवावें. खडूच्या तीन खुणांनीं दोष शोधण्यास जी मुलगी शिकली, तिला कारणापासून कार्याकडे कसें जावें हें वेगळें शिकवावें लागणार नाहीं. लक्ष्मणराव रेखाटन शिकविणारे शिक्षक होते आणि त्यांनीं पाना हातीं घेतला. आतां शाळेंतच पाना आला, तर त्यांनीं आरंभिलेला पाठ पुढें चालू राहील.